विश्रांतीचा निर्णय कुणाचा?

मराठीच्या अध्यापकांनी संगणकीय खेळांविषयी लिहावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु आमचे विद्यार्थी जी संहिता कादंबरीपेक्षा अधिक बारकाईने वाचतात, तिच्याकडे पाठ फिरवून समीक्षेचे काय साधणार? ‘एनबीए २के’ हा बास्केटबॉलचा खेळ आम्ही अलीकडे मुलांच्या पाठीशी उभे राहून पाहिला, आणि त्यात आम्हांला अनपेक्षितपणे आमचेच कबड्डीचे मैदान दिसले.

या खेळात प्रत्येक खेळाडूच्या दमाची एक पट्टी असते. तो धावला की ती आटते, बाकावर बसला की पुन्हा भरते. संघ चालवणाऱ्याच्या भूमिकेत शिरल्यावर दुखापतींचाही हिशेब ठेवावा लागतो : जायबंदी खेळाडूला बरा होईपर्यंत बसवायचे, की दुखऱ्या अंगाने खेळवायचे? एका विद्यार्थ्याने सारे मर्म एका वाक्यात सांगितले, “सर, स्टारला बसवलं तर मॅच जाते, नाही बसवलं तर सीझन जातो.”

ही केवळ कल्पना नव्हे. २०१८-१९च्या हंगामात टोरोंटोच्या संघाने क्वाय लेनर्डला साखळीतल्या ८२ सामन्यांपैकी ६० सामन्यांतच खेळवले, आणि त्या वर्षीचे विजेतेपद त्याच संघाने मिळवले. त्याच अंतिम मालिकेत, १० जून २०१९ रोजी, पोटरीच्या दुखापतीतून महिन्याभराने परतलेल्या केविन ड्युरंटची टाच-शीर तुटली. पुढे २०२३मध्ये बहुतेक मानाच्या पुरस्कारांसाठी किमान ६५ सामन्यांची अट घालण्यात आली, कारण प्रेक्षक तिकीट काढून येतो तो नामवंताला पाहण्यासाठी. म्हणजे विश्रांती हा निव्वळ वैद्यकीय प्रश्न उरत नाही. त्यात पैसा आहे, कीर्ती आहे, सत्ताही आहे.

संहिता म्हणून या खेळाचे मोठे वैगुण्य असे, की त्यातला खेळाडू खोटे बोलत नाही. त्याची पट्टी रिकामी झाली की ती सर्वांना दिसते. प्रत्यक्षातला खेळाडू मात्र कळ लपवतो. संधी मोजक्या असतात आणि बाकावर बसलेल्याचे नाव लोक लवकर विसरतात, हे त्याला पुरते ठाऊक असते.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थ्याने सुजलेल्या गुडघ्याला पट्टी आवळून यात्रेतल्या स्पर्धेत चढाया केल्या. संघ जिंकला. आम्ही टाळ्या वाजवल्या, दुसऱ्या दिवशी फळ्यावर अभिनंदन लिहिले, ‘जिद्द’ या शब्दाखाली दोन रेघाही ओढल्या. पुढल्या वर्षी तो मैदानात उतरू शकला नाही. गुडघा दुखतो का, असे त्याला त्या दिवशी कुणीही विचारले नव्हते. आम्हीही नाही.

येथे जुन्नर-आंबेगावच्या वाचकाला घाट आठवल्याशिवाय राहणार नाही. बैलगाडा शर्यतींवर ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंदी आली, १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. त्या दीर्घ वादातून एक गोष्ट निष्पन्न झाली : बारीत पळणाऱ्या बैलाची पशुवैद्यकाने तपासणी करावी, त्याला किती अंतर पळवावे यालाही मर्यादा असावी, हे नियमात आले. बैल स्वतःची वेदना सांगू शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने नियम बोलू लागला. अठरा वर्षांच्या मुलाला वाचा आहे, म्हणून आपण त्याच्यासाठी नियमच केला नाही. आणि ती वाचा तर आपल्याच टाळ्यांनी बंद केलेली असते.

जिद्दीचे मोल आम्ही नाकारत नाही. परंतु जिद्द ही खेळाडूने स्वतःच्या देहावर केलेली गुंतवणूक असते. तिचे व्याज संघाने, संस्थेने, गावाने घ्यायचे आणि मुद्दल बुडाले की त्याने एकट्याने सोसायचे, हा व्यवहार न्याय्य नव्हे.

उपाय फार खर्चिक नाही. प्रत्येक महाविद्यालयीन संघाने एक साधी वही ठेवावी : कोण किती सामने खेळला, कुणाला काय दुखते, कुणाला किती दिवस बसवले. बसवण्याचा निर्णय विजयाचे श्रेय घेणाऱ्याच्या हाती नसावा, आणि बसलेल्याचे संघातले स्थान बरा होईपर्यंत राखून ठेवावे. पडद्यावरच्या खेळाडूची पट्टी मुले डोळ्यांत तेल घालून पाहतात. शेजारच्या बाकावर बसलेल्या मित्राच्या गुडघ्याकडेही तसेच पाहायला त्यांना शिकवणे, हे आमचे काम आहे.