पदोन्नती : ज्येष्ठता किती, गुणवत्ता किती?

सातारा व सांगली परिसरातील औषधनिर्माणशाळांशी सल्लागार वैद्य म्हणून आमचा अनेक वर्षांचा संबंध आहे. तेथे एक प्रश्न वारंवार उपस्थित होतो : विभागप्रमुखाची जागा रिकामी झाल्यास ती कोणास द्यावी?

एका निर्माणशाळेत भस्मविभागाचे प्रमुख निवृत्त झाले. 22 वर्षे पुटे देणारे एक ज्येष्ठ कारागीर आणि 9 वर्षे सेवा झालेला एक पदवीधर वैद्य, असे दोघे पात्र होते. वाद नको म्हणून मालकांनी ज्येष्ठांस पद दिले. आम्हीही संमती दिली. भस्म वारितर झाले की नाही, हे ते अचूक सांगत. परंतु 2000 साली आलेल्या ‘शेड्यूल टी’नुसार प्रत्येक बॅचच्या नोंदी ठेवणे त्यांच्याकडून होईना. वर्षभरात तरुण वैद्य नोकरी सोडून गेला आणि ज्येष्ठांनीही पदमुक्त करण्याची विनंती केली. एका निर्णयाने दोन गुणी माणसे दुखावली. दोष त्यांचा नव्हता, आमच्या सल्ल्याचा होता.

चरकाचार्यांनी वैद्याचे चार गुण सांगितले आहेत : शास्त्राचे निर्मळ ज्ञान, पुष्कळ प्रत्यक्ष कर्म पाहिलेले असणे, दक्षता आणि शुचिता. अनुभवास येथे मानाचे स्थान आहे. पण तो चारांपैकी एक आहे.

याचा अर्थ ज्येष्ठता दुर्लक्षावी असा नव्हे. मालकाचा भाचा वरच्या खुर्चीत बसू लागतो, तेव्हा ज्येष्ठता हीच सामान्य कर्मचाऱ्याची ढाल असते. महाराष्ट्रातील अभियंत्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2 मे 1990 रोजी निर्णय दिला, की नियमानुसार नेमणूक झाली असल्यास ज्येष्ठता नेमणुकीच्या दिनांकापासून मोजावी, कायम केल्याच्या दिनांकापासून नव्हे. तो निर्णय शासकीय सेवेविषयीचा असला, तरी त्यामागील न्यायबुद्धी आपणही घ्यावी. कर्मचाऱ्यास वर्षानुवर्षे ‘हंगामी’ ठेवून पुढे ती वर्षे विसरून जाणे शोभत नाही.

म्हणून आमची सूचना अशी : वेतनवाढ सेवेच्या वर्षांनुसार द्यावी, पद मात्र त्या कामास आवश्यक असलेले गुण पाहून द्यावे. हे गुण जागा रिकामी होण्यापूर्वीच लिहून सर्वांस सांगावेत. दोघे समान ठरल्यास ज्येष्ठासच प्राधान्य असावे. आणि ज्याची निवड झाली नाही, त्यास मालकांनी स्वतः समोर बसवून कारण सांगावे. रुग्णास व्याधीचा हेतू आपण समजावून देतो. मग सहकाऱ्यास निर्णयाचा हेतू सांगण्यात संकोच कसला?