उपच्छायेतील काही तास

पक्षाघाताविषयी बोलताना आपण नाशाचीच भाषा बोलतो. गुठळी अडकली, हात गेला, वाचा गेली. या पडझडीत शरीर स्वतः काही करते की नाही, असा प्रश्न एका वाचक भगिनींनी विचारला आहे. करते, आणि ते समजून घेण्यासारखे आहे.

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण प्राणवायूचा सुमारे २० टक्के वाटा तो एकटा घेतो. साठवण मात्र जवळजवळ नाही. त्यामुळे रक्तवाहिनी बंद होताच तिच्या ऐन मध्यावरील पेशी काही मिनिटांतच मरतात. त्यांच्याभोवतीच्या पट्ट्यात शेजारच्या वाहिन्यांतून थोडे रक्त झिरपत राहते. तेथील पेशी काम थांबवतात, पण तग धरून असतात. ग्रहणात दाट छायेभोवती विरळ छाया पडते; तिच्यावरून या पट्ट्याला उपच्छाया म्हणतात. रुग्णाचा हात पुन्हा उचलला जाईल की नाही, हे बहुतांशी या पट्ट्याच्या भवितव्यावर ठरते.

शरीराचे संरक्षक रेणू येथेच कामाला लागतात. पेशीचे इंधन म्हणजे एटीपी. ते तुटत गेले की ॲडेनोसीन नावाचा रेणू साचतो. इंधन जळून उरलेली ही राखच रक्षण करू लागते. संकटात सापडलेल्या चेतापेशी ग्लुटामेट हे द्रव्य भरमसाट ओततात. त्याने शेजारच्या पेशी अतिउत्तेजित होतात, त्यांच्यात कॅल्शियम शिरते आणि त्या आपल्याच उत्तेजनेने मरतात. ॲडेनोसीन या स्रावाला आवर घालते, पेशींना शांत करते, रक्तवाहिन्या रुंदावते. (दिवसभराच्या श्रमानंतर झोप आणण्यात याच रेणूचा हात असतो, चहा-कॉफी त्याचीच वाट अडवतात.) जैन वाचकाला येथे कषायांची आठवण झाली तर नवल नाही, परंतु रूपक फार ताणू नये.

दुसरा रेणू न्यूरोप्रोटेक्टिन. चेतापेशींच्या आवरणात डीएचए नावाचे स्निग्धाम्ल विपुल असते. आघात होताच त्यापासून हा रेणू घडतो आणि दाह शमवतो. निकोलस बाझान आणि चार्ल्स सेऱ्हान या संशोधकांच्या गटांनी २००३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत हे दाखवले. यावर ‘मग आम्ही शाकाहारींनी काय करायचे?’ असा प्रश्न येणारच. जवस आणि अक्रोड यांतील स्निग्धाम्लापासून शरीर थोडे डीएचए स्वतः बनवते. शेवाळापासून काढलेल्या डीएचएच्या गोळ्याही मिळतात. पण शेवाळ अनंतकाय, तेव्हा तो निर्णय ज्याचा त्याने करावा. जवस खाल्ल्याने पक्षाघाताची हानी टळते, असे मात्र मी लिहिणार नाही.

पेशींना वाचवणारे औषध बाहेरून देण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. एनएक्सवाय-०५९ या औषधाने २००६ मध्ये आशा दाखवली. पुढल्याच वर्षी ३००० हून अधिक रुग्णांवरील चाचणीत ते निरुपयोगी ठरले. यश आले ते वेगळ्या मार्गाने. रक्तवाहिनीच्या अस्तरातील पेशी गुठळी विरघळवणारे टीपीए हे प्रथिन स्वतःच तयार करतात, पण मोठ्या गुठळीपुढे ते अपुरे पडते. तेच प्रयोगशाळेत बनवून शिरेतून दिले, तर रक्ताची वाट मोकळी होऊ शकते. मोठी मर्यादा वेळेची : सर्वसाधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तास. शरीराचे रेणू उपच्छायेला तगवतात ते मर्यादित अवधीपुरतेच.

गेल्या पर्युषणातील एक प्रसंग मनातून जात नाही. अठाई करणारे एक वयस्क श्रावक सायंकाळच्या प्रतिक्रमणात बसले असता त्यांच्या उजव्या हातातून चरवळा गळून पडला, ओठ एका बाजूला झुकला. घरच्यांना वाटले, उपवासाचा अशक्तपणा आहे. चौविहाराची वेळ होऊन गेली होती, पच्चक्खाण मोडायला नको, सकाळी पारणे झाले की पाहू, असे ठरले. सकाळी ते माझ्याकडे आले, तेव्हा बारा तास उलटले होते.

यात कोणाची अश्रद्धा नव्हती, उलट श्रद्धाच होती. पण ज्या पच्चक्खाणाची त्यांना चिंता होती, त्यातच सर्वसमाधिप्रत्यय आगार आहे; तीव्र व्याधीत समाधी टिकावी म्हणून औषध घेतल्यास व्रतभंग होत नाही, अशी सवलत शास्त्रकारांनीच ठेवली आहे. शिवाय अशा रुग्णाला तोंडाने पाणीही द्यायचे नसते, कारण गिळण्याची शक्ती गेलेली असू शकते. घरात ठेवलेली ॲस्पिरिनही देऊ नये; मेंदूत रक्तस्राव झाला असला तरी लक्षणे अशीच दिसतात, आणि भेद कळतो तो स्कॅनमध्येच. तेव्हा चेहरा वाकडा होणे, हात खाली पडणे, बोलणे अडखळणे, यांपैकी एकही लक्षण अचानक दिसले तर सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय त्याच क्षणी गाठावे, आणि रुग्ण शेवटचा पूर्ण ठीक कधी दिसला ती वेळ कागदावर लिहून सोबत न्यावी. तेथील डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.