पडद्यावरची मुकी जनता

रायपूरच्या शंकर नगर भागात राहणाऱ्या आमच्या काही रेल्वे व टपाल सभासदांची पत्रे नुकतीच आली आहेत. त्या सर्वांचा मथितार्थ एकच आहे. एका राजकीय चित्रपटावरून शाखेच्या मोबाईल गटात वाद सुरू झाला, तो हमरीतुमरीवर आला, काही जणांनी गट सोडला आणि नंतर ते शाखेच्या सभेलाही आले नाहीत. सभेपुढे विषय होता रिक्त जागांचा आणि डबल ड्युटीचा. गणपूर्ती न झाल्याने सभा तहकूब करावी लागली. आता काही पत्रलेखक म्हणतात की महासंघाने अशा चित्रपटांवर बहिष्कार पुकारावा. उरलेले म्हणतात की प्रत्येक कामगाराने ते कुटुंबासह पाहावेत, असे आवाहन करावे.

आमचे उत्तर सुरुवातीलाच देतो. महासंघ यांपैकी काहीही करणार नाही. कोणता चित्रपट पाहावा आणि कोणता पाहू नये, हे सांगण्यासाठी कामगारांनी वर्गणी दिलेली नाही. चित्रपटाचे नावही आम्ही मुद्दाम छापत नाही, कारण नाव छापले की वाद पुन्हा त्या नावाभोवतीच फिरेल. परंतु चित्रपटापायी शाखेची सभा मोडत असेल तर प्रश्न करमणुकीचा राहत नाही, तो संघटनेचा होतो. म्हणून त्याचा विचार नीट केला पाहिजे.

देशाचे उद्या काय होईल याचे काळेकुट्ट चित्र रंगवून आजच्या राजकारणाविषयी बोलणारे चित्रपट नवे नाहीत, आणि त्यांवरून होणारे वादही नवे नाहीत. रायपूरकरांना तर हे दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज नाही. शंकर नगरच्या कडेने धमतरीची छोटी लाईन धावत होती त्या काळातली ही गोष्ट आहे. आज त्या लाईनच्या जागी एक्सप्रेस-वे झाला आहे, पण जुन्या सभासदांना ती गाडी आणि तो काळ दोन्ही आठवत असतील.

१९७५ च्या एप्रिल महिन्यात अमृत नाहटा यांनी ‘किस्सा कुर्सी का’ हा हिंदी चित्रपट सेन्सॉर बोर्डाकडे प्रमाणपत्रासाठी पाठविला. नाहटा हे त्या वेळी सत्ताधारी काँग्रेस पक्षाचेच खासदार होते. चित्रपटात खुर्चीसाठी झोंबणारे पुढारी आहेत, त्यांच्याभोवती घोटाळणारे दलाल आहेत, आणि ‘जनता’ नावाची एक मुकी स्त्री आहे. ही भूमिका शबाना आझमी यांनी केली होती. सर्व जण तिचे नाव घेतात, तिला आश्वासने देतात, पण तिला बोलता येत नाही. संजय गांधी यांच्या मोटार कारखान्याच्या योजनेचीही चित्रपटात खिल्ली उडविलेली होती.

सरकारने निर्मात्याला ५१ आक्षेपांची नोटीस पाठविली. चित्रपटातील पात्रे काल्पनिक असून ती कोणत्याही पक्षाला वा व्यक्तीला उद्देशून नाहीत, असे उत्तर नाहटा यांनी ११ जुलै १९७५ रोजी दिले. तोवर आणीबाणी लागू झाली होती. चित्रपटाच्या प्रती व मूळ निगेटिव्ह ताब्यात घेण्यात आले आणि ते पुन्हा कधी मिळाले नाही. त्या वेळचे माहिती व नभोवाणी मंत्री होते विद्याचरण शुक्ल, म्हणजे खुद्द रायपूरचे खासदार. १९७७ च्या निवडणुकीत रायपूरच्या मतदारांनी त्यांना पाडून जनता पक्षाचे पुरुषोत्तम कौशिक यांना निवडून दिले.

पुढे खटला झाला. गुडगावच्या मारुती कारखान्याच्या आवारात ती फिल्म जाळली, असा आरोप होता. फेब्रुवारी १९७९ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने संजय गांधी व शुक्ल यांना दोषी ठरवून शिक्षा दिली आणि १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांना निर्दोष मुक्त केले. निकाल जो झाला तो मान्य केला पाहिजे. पण फिल्म नाहीशी झाली ही वस्तुस्थिती उरतेच. नाहटा यांनी आणीबाणीनंतर तो चित्रपट नव्याने काढला. एवढा गाजावाजा होऊनही तो फारसा चालला नाही. आणीबाणीत ज्यांनी प्रत्यक्ष सोसले होते त्यांना तिचे पडद्यावरचे रूप पाहण्याची ओढ नसावी, असे आम्हाला वाटते.

या प्रकरणातली सर्वांत बोधप्रद गोष्ट मात्र न्यायालयाबाहेरची आहे. नाहटा काँग्रेसमधून जनता पक्षात गेले. शुक्ल हे पुढे विश्वनाथ प्रताप सिंह यांच्याबरोबर काँग्रेसविरोधी आघाडीत गेले, चंद्रशेखर यांच्या सरकारात मंत्री झाले, मग काँग्रेसच्या नरसिंह राव सरकारातही मंत्री झाले. २००३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस, २००४ मध्ये भारतीय जनता पक्ष आणि शेवटी पुन्हा काँग्रेस, असा त्यांचा प्रवास झाला. मे २०१३ मध्ये बस्तरच्या झीरम घाटीत झालेल्या नक्षलवादी हल्ल्यात ते जखमी झाले व जूनमध्ये त्यांचे निधन झाले. त्या हत्याकांडाचा निषेधच केला पाहिजे आणि दिवंगत व्यक्तीचा उपमर्द करण्याचा आमचा हेतू नाही. आम्हाला एवढेच दाखवायचे आहे की ज्या झेंड्यांसाठी आपण एकाच रनिंग रूममध्ये एकमेकांशी बोलणे टाकतो, ते झेंडे पुढारी सहज बदलतात. प्रेक्षक मात्र जिथल्या तिथे भांडत राहतो.

आता आजच्याकडे येऊ. २०१९ मध्ये ‘लैला’ ही मालिका नेटफ्लिक्सवर आली. नजीकच्या भविष्यातील ‘आर्यावर्त’ नावाचे राज्य, वस्त्यावस्त्यांमधल्या उंच भिंती आणि हिरावून नेलेल्या मुलीला शोधणारी आई, अशी तिची कथा. ही मालिका हिंदूंची बदनामी करते, असे एका बाजूने म्हटले. ती उद्याचा खरा धोका दाखवते, असे दुसऱ्या बाजूने म्हटले. दोन्ही बाजूंच्या पुष्कळ लोकांचा निकाल मालिका पाहण्यापूर्वीच तयार होता.

मे २०२३ मध्ये ‘द केरला स्टोरी’ आला तेव्हा बाजू उलटल्या. चित्रपटाच्या जाहिरातीत ३२,००० मुलींचा आकडा होता, तो पुढे तीन मुलींवर आला. मध्य प्रदेश व उत्तर प्रदेश सरकारांनी चित्रपट करमुक्त केला, पश्चिम बंगाल सरकारने त्यावर बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने बंदीला स्थगिती दिली आणि त्याच वेळी, ३२,००० या आकड्याला अधिकृत आधार नाही अशी सूचना पडद्यावर दाखविण्याचे निर्मात्याने मान्य केले. ‘लैला’च्या वेळी अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा जप करणारे कित्येक जण येथे बंदीच्या बाजूला उभे राहिले. ‘लैला’ बंद करा म्हणणारे येथे स्वातंत्र्याचे कैवारी झाले. छत्तीसगडचे सरकारही या खेळातून सुटले नाही. राज्यात सत्ताबदल झाल्यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये गोध्रा येथे जळालेल्या रेल्वे डब्याच्या विषयावरचा ‘द साबरमती रिपोर्ट’ करमुक्त करण्यात आला. त्या डब्यात ५९ माणसे गेली. रेल्वे कामगाराला त्या दुःखाची आठवण करून देण्यासाठी करमाफी लागत नाही. सरकार कोणत्याही पक्षाचे असो, आवडत्या चित्रपटाला करमाफी आणि नावडत्याला आडकाठी ही चाल सारखीच आहे.

मग कामगाराने अशा चित्रपटाकडे पाहावे कसे? आमच्या मते तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, पैसा कोणाचा? १९५४ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘ॲनिमल फार्म’ या कादंबरीवर व्यंगचित्रपट निघाला. त्यासाठी अमेरिकेच्या सीआयए या गुप्तहेर संस्थेने पैसा पुरविला होता, हे पुढे उघड झाले. कादंबरीच्या शेवटी डुक्कर कोण आणि माणूस कोण हे बिचाऱ्या प्राण्यांना ओळखू येत नाही. म्हणजे जुना धनी आणि नवा धनी सारखेच. चित्रपटात मात्र हा शेवट बदलला आणि प्राणी डुकरांविरुद्ध उठाव करतात असे दाखविले. रशियाविरुद्धच्या प्रचाराला तो शेवट सोयीचा होता, आणि जुन्या धन्यावरचा ठपका त्यात आपोआप पुसला गेला.

दुसरा प्रश्न, त्यात कष्टकऱ्याचे काय होते? १९२७ मध्ये जर्मनीत फ्रित्झ लांग यांनी ‘मेट्रोपोलिस’ हा मूकपट काढला. त्यात मजूर जमिनीखाली राहतात, यंत्रांपुढे झिजतात आणि मालकवर्ग वर उंच मनोऱ्यांत मजा करतो. मजुरांच्या पाळीचे दृश्य आजही अंगावर काटा आणते. पण शेवटी मालकाचा मुलगा आपल्या बापाचा हात मजुरांच्या फोरमनच्या हातात देतो आणि सारे गोड होते. त्या हस्तांदोलनात मजुरीचे दर, कामाचे तास आणि रजा यांविषयी एक अक्षर नाही. असा करार आमच्या कोणत्याही शाखा सेक्रेटरीने करून आणला असता तर सभासदांनी त्याला त्याच दिवशी घरी पाठविले असते. लांग यांनी स्वतःही पुढे या शेवटाविषयी नापसंती व्यक्त केली.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, हा चित्रपट आपल्याला भीती कोणाची घालतो? खुर्चीवर बसलेल्याची, की शेजारच्या घरात राहणाऱ्याची? ज्याच्या हाती पोलीस, तिजोरी आणि कायदा आहे त्याच्याकडे बोट दाखविणारा चित्रपट चुकीचा असला तरी नागरिकाला सावध करतो. आपल्यासारख्याच तिकिटाच्या रांगेत उभ्या असलेल्या दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या धर्माच्या वा दुसऱ्या विचाराच्या माणसाकडे बोट दाखविणारा चित्रपट, त्यातली एखादी घटना खरी असली तरी, कामगाराला कामगाराविरुद्ध उभा करतो. ही कसोटी आपल्या आवडत्या बाजूच्या चित्रपटालाही लावली पाहिजे. ती फक्त दुसऱ्याच्या चित्रपटाला लावली तर तिला कसोटी म्हणता येणार नाही.

काही पत्रलेखक विचारतील की एखादा चित्रपट उघड द्वेष पसरवीत असेल तरी गप्प बसायचे काय? मुळीच नाही. टीका करा, लिहा, जाहीर सभेत त्यातले खोटे दाखवून द्या. हिंसेला चिथावणी असेल तर कायदा आहे, न्यायालय आहे. परंतु नको असलेली फिल्म कोणाला पाहूच द्यायची नाही ही रीत एकदा मान्य केली, की ती आपल्यावर उलटायला वेळ लागत नाही. ज्या आणीबाणीत ‘किस्सा कुर्सी का’ नाहीसा झाला, त्याच आणीबाणीत १९७५ मध्ये कामगारांचा किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणणारा वटहुकूम निघाला. चित्रपटावर गदा आणणारे आणि बोनसवर गदा आणणारे सरकार एकच होते. दोन्ही वेळा जनतेने मुके राहावे एवढीच त्याची अपेक्षा होती.

रेल्वे कामगार मात्र मुका नव्हता. त्याच्या आदल्याच वर्षी, ८ मे ते २७ मे १९७४ या काळात, रेल्वेचा ऐतिहासिक संप झाला. तो चालविणाऱ्या संघर्ष समितीत जॉर्ज फर्नांडिस यांच्या अध्यक्षतेखालील ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशन होते, आयटक आणि सीटू या डाव्या संघटना होत्या आणि भारतीय मजदूर संघाच्या विचाराची रेल्वे संघटनाही होती. या मंडळींचे राजकारणात एकमेकांशी जमत नव्हते. देशाचे भवितव्य कोणामुळे धोक्यात आहे, या प्रश्नाला त्यांनी वेगवेगळी उत्तरे दिली असती. तरीही कामाचे तास, महागाई भत्ता आणि बोनस या मागण्यांवर ते एकत्र बसले. संप चिरडला गेला, हजारो कामगार तुरुंगात गेले, कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. पण बोनसची मागणी मेली नाही. १९७९ मध्ये उत्पादकतेशी जोडलेल्या बोनसच्या रूपाने ती रेल्वे कामगारांच्या पदरात पडली.

आज आपल्यापुढचे प्रश्न काही कमी नाहीत. १ जानेवारी २००४ नंतर नोकरीस लागलेल्यांच्या पेन्शनचा प्रश्न आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या चार श्रमसंहितांचा प्रश्न आहे. ट्रॅकमनच्या सुरक्षिततेचा, लोको पायलटच्या विश्रांतीचा, ग्रामीण डाक सेवकाच्या दर्जाचा आणि कंत्राटी कामगाराच्या पगाराचा प्रश्न आहे. यांतला एकही प्रश्न सभासदाने कोणता चित्रपट पाहिला यावर सुटणार वा अडणार नाही. सभा तहकूब झाली तर मात्र नक्की अडेल.

म्हणून शंकर नगरच्या आणि सर्वच शाखांच्या सभासदांना आमचे सांगणे आहे. शाखेचा मोबाईल गट शाखेच्या कामासाठी ठेवा. चित्रपटाविषयी बोलायचेच असेल तर तो स्वतः पाहून बोला, आणि समोरासमोर बसून बोला. रविवारी सायंकाळी चहाबरोबर दोन तास चर्चा ठेवा, दोन्ही मतांच्या सभासदांना सारखा वेळ द्या, वरचे तीन प्रश्न फळ्यावर लिहा आणि शेवटी ठराव करू नका. ज्यांनी गट सोडला त्यांच्या घरी शाखेच्या पदाधिकाऱ्यांनी स्वतः जावे. तहकूब झालेली सभा लवकर भरवावी आणि तिच्यापुढे पहिला विषय डबल ड्युटीचाच असावा.

पडद्यावरच्या जनतेला बोलता येत नव्हते, कारण लेखकाने तिला तसे घडविले होते. आपल्याला बोलता येते, मागता येते, गरज पडल्यास थांबताही येते. ती ताकद एकमेकांना गप्प करण्यात घालवू नये, हीच आमची विनंती.