मांड सैलावते तेव्हा

आपल्या नांदेड जिल्ह्यात घोडा अनोळखी नाही. लोहा तालुक्यातील माळेगावी मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. तेथील घोडेबाजार पाहून जुन्या स्वाराला पुन्हा रपेटीचा मोह व्हावा, हे स्वाभाविकच. मात्र वर्षभर खोगिराला न शिवलेल्याने जरा थांबावे.

सराव सुटला की २-३ आठवड्यांतच दम उतरू लागतो. पुढे मांड्यांच्या आतील बाजूचे आणि कमरेचे स्नायू सैलावतात. नुसत्या चालण्याने ते फारसे कसले जात नाहीत. कसब त्या मानाने उशिरा विसरते, आणि खरा धोका तोच! मनाला सारे आठवते, देहाला ते झेपत नाही. थकलेला स्वार तोल सावरण्यासाठी नकळत लगामाला लटकतो आणि त्याची कळ घोड्याच्या तोंडात उठते. आपल्या खाड्याची शिक्षा त्या मुक्या जीवाला का?

म्हणून वाचकहो, पहिले काही दिवस १५-२० मिनिटांची संथ चाल पुरे. दुडकीची घाई नको. भरधाव दौडीचे तर नावच नको. घरी उठाबशा, जिन्याची चढउतार चालू ठेवावी. तबेल्यात बांधून राहिलेला घोडाही तितकाच सैलावलेला असतो. त्यालाही आधी नुसते हाती धरून फिरवावे.