आठ काढता आला, पण नवले पुलाच्या उताराचं काय?

पालकहो, मुलाला किंवा मुलीला अठरावं पूर्ण झालं की घरात लायसनचा विषय निघतोच. शिकाऊ लायसन काढायचं, निदान ३० दिवस थांबायचं आणि ६ महिन्यांच्या आत पक्क्या लायसनची चाचणी द्यायची. एवढ्या काळात बहुतेक घरांत तयारी एकच, मैदानात विटा मांडून पाय न टेकवता आठ काढणे!

आठ काढायला माझा विरोध नाही. त्यानं तोल येतो. पुण्यात चारचाकीची चाचणी भोसरीच्या आयडीटीआरच्या ट्रॅकवर होते. आठ, एच, चढावर थांबून गाडी पुढे काढणे हे सगळं तिथं कॅमेरे नि सेन्सर तपासतात. चांगलंच आहे. पण त्या ट्रॅकवर राँग साईडनं येणारी दुचाकी नसते, न रंगवलेला स्पीडब्रेकर नसतो, थांब्यावरच्या पीएमटीच्या पुढून पळत सुटणारं पोरही नसतं. ब्रिटनमध्ये २००२पासून लेखी चाचणीबरोबर रस्त्याचे व्हिडिओ दाखवून धोका वेळेत ओळखता येतो का ते तपासतात. आपल्याकडे ते काम घरालाच करावं लागणार, असं माझं ठाम मत आहे.

नवले पुलाचंच घ्या. नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की पुलापर्यंत लांबच लांब उतार. डिझेल वाचवायला काही ट्रकवाले गाडी न्यूट्रल करतात. मग इंजिनाचा अटकाव राहत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐनवेळी लागत नाहीत. उतारावर जड गाडीच्या पुढे रेंगाळायचं नाही आणि आपली गाडी गिअरमध्येच ठेवायची, हे अठरा वर्षांच्या पोराला कुणी सांगितलंय? तसाच जूनचा पहिला पाऊस. रस्त्यावरचं तेल आणि धूळ भिजून नुसता चिखट थर होतो, तेव्हा वळणावर पुढचा ब्रेक जोरात दाबला की गाडी घसरलीच म्हणून समजा. आणि पाण्यानं भरलेला खड्डा किती खोल आहे ते वरून कळत नाही.

यासाठी क्लास लावायची गरज नाही. गाडी तुम्ही चालवा, मुलाला मागे किंवा शेजारी बसवा आणि त्याला दिसतं ते मोठ्यानं बोलायला लावा. "रिक्षा थांबतेय, माणूस उजवीकडून उतरेल." "बसखालून पाय दिसतायत." रोजच्या रस्त्यावर दहा मिनिटं पुरे. मात्र तुम्हीच सिग्नल तोडलात तर तेही तो मोठ्यानं बोलेल, याची तयारी ठेवा!

अठराच्या आधीच क्लासला जायला गाडी हातात देणाऱ्यांसाठी एवढंच: २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून वाहतुकीचा गुन्हा घडला, तर पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

शिक्षक मित्रांनो, हे काम तिसरी-चौथीतच सुरू करता येतं. परिसर अभ्यासाच्या तासाला लाल-पिवळा-हिरवा दिवा पाठ करून घेतोच आपण. त्याऐवजी घर ते शाळा नकाशा काढायला सांगा आणि जिथं भीती वाटते तिथं लाल ठिपका द्यायला लावा. मग ते नकाशे शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकाच वळणावर बरेच ठिपके पडले, तर तो कागद पुढच्या पालकसभेत टेबलावर ठेवा.