विश्लेषण : ‘अस्वस्थ पायां’वर चुंबकीय उपचार कितपत भरवशाचे?

अंथरुणाला पाठ टेकली की पायांत वळवळ सुरू होते. मग कुणाला तरी पाय चेपायला सांगायचे, पोटऱ्यांना ओढणी घट्ट बांधायची, नाही तर उठून घरातच येरझाऱ्या घालायच्या. ‘रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम’ नावाच्या या विकारावर मेंदूला बाहेरून चुंबकीय उत्तेजन देण्याचा उपाय आता चर्चेत आहे. त्यामागचे विज्ञान खरे आहे, पुरावा मात्र अजून तोकडा आहे.

हा विकार नेमका काय?

पाय हलवण्याची अनावर ऊर्मी, ती विश्रांतीत वाढणे, हालचालीने कमी होणे आणि संध्याकाळनंतर बळावणे, या त्याच्या खुणा. इंग्रज वैद्य थॉमस विलिस यांनी सतराव्या शतकात त्याचे वर्णन केले होते. आजचे नाव १९४५ मध्ये स्वीडनच्या कार्ल-एक्सेल एकबोम यांनी रूढ केले. दुखणे पायांत जाणवत असले तरी गडबड बहुधा मेंदूत असते. तेथील लोहाची कमतरता आणि डोपामाइन या रसायनाचे बिघडलेले गणित यांकडे संशोधक बोट दाखवतात. गरोदरपणी आणि डायलिसिसवरच्या रुग्णांत हा त्रास अधिक आढळतो.

औषधे असताना चुंबक कशाला?

कारण औषधांनीच अनेकांना पेचात टाकले. रोपिनिरोल, प्रामिपेक्सोल ही डोपामाइनसारखे काम करणारी औषधे सुरुवातीला जादूसारखी लागू पडतात. काही वर्षांनी त्रास रात्रीऐवजी दुपारीच सुरू होतो, हातांपर्यंत पसरतो आणि डोस वाढवला की आणखी चिघळतो. काहींना जुगाराचा किंवा बेसुमार खरेदीचा नाद लागल्याचीही नोंद आहे. म्हणूनच अमेरिकेतील निद्राविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत ही औषधे सरसकट वापरू नयेत, असे सुचवले.

उत्तेजन दिले कसे जाते?

तारेचे वेटोळे डोक्याजवळ धरून त्यातून क्षणभर जोरदार वीजप्रवाह सोडतात. त्यातून निर्माण होणारे बदलते चुंबकीय क्षेत्र कवटी पार करून मेंदूच्या वरच्या थरात सूक्ष्म प्रवाह जागवते. भूल नाही, चिरफाड नाही. इंग्लंडच्या शेफील्डमध्ये अँथनी बार्कर यांच्या गटाने १९८५ मध्ये हे तंत्र दाखवले; नैराश्यासाठी अमेरिकेत त्याला २००८ मध्ये मंजुरी मिळाली. प्रदर्शनांतून विकल्या जाणाऱ्या चुंबकीय गाद्या आणि पट्ट्यांचा याच्याशी काडीचाही संबंध नाही, हेही सांगून टाकलेले बरे.

पुरावा किती?

तुर्कस्तानात २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९ रुग्ण होते. त्यांपैकी ११ जणांना खरे उत्तेजन दिले, आठ जणांना लुटुपुटीचे. खरे उत्तेजन मिळालेल्यांचा त्रास कमी झाला. चीनमध्ये पुढच्या वर्षी १४ रुग्णांवर प्रयोग झाला. तिथेही आराम पडला, पण तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. ही उणीव किरकोळ नाही. या विकारात नुसत्या साखरेच्या गोळीनेही बऱ्याच जणांना बरे वाटते. मग टकटक आवाज करणारे भारी यंत्र आणि रोज विचारपूस करणारे डॉक्टर यांचा परिणाम किती असेल? शिवाय मेंदूच्या कोणत्या भागावर, किती वेगाने, किती दिवस उत्तेजन द्यायचे यावर एकमत नाही. वर उल्लेख केलेल्या सूचनांत शिफारस झालेल्या उपायांत हा उपचार नाही. पायाच्या नसेला उत्तेजन देणाऱ्या एका वेगळ्या उपकरणाला मात्र सशर्त स्थान आहे.

धोका कुणाला?

डोकेदुखी, टाळू दुखणे हे नेहमीचे. फिट येण्याची शक्यता अगदी कमी, पण शून्य नाही. डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात कॉक्लियर इम्प्लांट असलेल्यांनी यापासून दूरच राहावे. पेसमेकर असेल तर आधी डॉक्टरांना सांगायलाच हवे.

आधी काय तपासावे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. अशा राज्यात पाय वळवळणाऱ्या बाईला फेरिटिन न तपासताच चुंबकाच्या खुर्चीत बसवणे म्हणजे रोग हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला. हिमोग्लोबिन ठीक असले तरी लोहाचा साठा कमी असू शकतो. या विकारात फेरिटिन ७५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून कमी असले तरी लोह द्यावे, असे तज्ज्ञ सांगतात. प्रयोगशाळेच्या अहवालात मात्र तो आकडा ‘नॉर्मल’ म्हणून छापलेला असतो. ॲलर्जीच्या काही गोळ्या, उलटीवरचे मेटोक्लोप्रामाइड आणि नैराश्यावरची काही औषधेही हा त्रास वाढवतात. नैराश्यासाठी चुंबकीय उपचार घ्यायला आलेल्याचे पाय गोळीमुळेच वळवळत असणे, हेही अशक्य नाही.

लोह भरून, औषधे बदलूनही झोप न लागणाऱ्यांसाठी हा उपचार आजमावण्याजोगा आहे, पण तो नोंदणीकृत चाचणीत आणि लुटुपुटीच्या उत्तेजनाशी तुलना करून. प्रयोगाच्या टप्प्यावरच्या उपचाराचे ‘पॅकेज’ विकून सत्रागणिक पैसे घेणे हा मात्र सरळ धंदा झाला.