आकाशातली स्पर्धा, जमिनीवरची नोंदवही

मैत्रिणींनो, घरात कुणाला पॅराग्लायडिंगचं वेड असेल, तर कामशेतच्या डोंगरावर मित्रमंडळींची स्पर्धा भरवायचा बेत कधीतरी निघतोच. मग आपल्याला सांगतात, "तू फक्त डब्यांचं बघ!" डबे कराच; पण नोंदवहीसुद्धा आपल्या हाती घ्या.

क्रॉस-कंट्री म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या गरम हवेवर उंची गाठायची अन् लांब जायचं. साध्या घरगुती स्पर्धेत जो सर्वांत दूर उतरेल तो जिंकला. पण कुठं उतरणार, हे त्यालाही आधी ठाऊक नसतं! म्हणून वहीत रकाने आखा: नाव, रक्तगट, छत्रीचा रंग, मोबाइल, उड्डाणाची वेळ, उतरल्याची वेळ. उतरल्याबरोबर प्रत्येकानं फोन करायचाच. छत्री लगेच गुंडाळायची. पसरलेली दिसली तर मदत हवी आहे, असं वरचे समजतात.

आणायला जीप ठेवा. हँग ग्लायडर असतील तर टपावर कॅरिअर हवं, कारण त्यांचा सांगाडा लांबलचक असतो. उभ्या पिकात उतरायचं नाही, हे सकाळीच बजावा.

आणि एक नियम मोडू नका. वहीतला शेवटचा रकाना भरेपर्यंत बक्षिसं वाटायची नाहीत, कुणी घरीही जायचं नाही. एक नाव राहिलं तर उजेड आहे तोवरच शोध सुरू करा. अंधारात डोंगर धुंडाळणं फार अवघड असतं, बरं का!